महिन्यातला एक दिवस

स्त्रीबीज केव्हा सुटते हे चिनी वैद्यांना आधुनिक विज्ञानाच्या कितीतरी आधी ठाऊक होते, असे विधान वंध्यत्वावरील लोकप्रिय लिखाणात वारंवार आढळते. पुरावा म्हणून मिंग काळातील वांग केनतांग या वैद्याचा दाखला देतात. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या त्याच्या ग्रंथात म्हटले आहे की, पाळीच्या प्रत्येक चक्रात एक दिवस असा येतो, की त्या दिवशी समागम झाल्यास गर्भ राहतो. वाचून कोणालाही वाटेल की हेच ते! पण हा दिवस ओळखण्याची खूण कोणती? तर स्त्रीला होणारी उष्णतेची जाणीव आणि अनावर कामेच्छा. आणि तुलना आहे ती कुत्र्यामांजरांच्या माजाशी. अंडाशय नाही, त्यातून सुटणारे बीज नाही, आणि तो दिवस चक्रातला कितवा हेही त्यावरून ठरत नाही. निरीक्षण म्हणून ते रंजक आहे. त्यावर विसाव्या शतकातला शोध लादणे मात्र योग्य नाही.

त्याहून जुना एक नियम चिनी ग्रंथांतून पुन्हापुन्हा येतो. सातव्या शतकातील सुन सिमियाओ या थोर वैद्याच्या ग्रंथातही तो आहे. पाळी थांबल्यानंतरचे सहा दिवस गर्भधारणेचे. त्यांतील विषम दिवशी मुलगा आणि सम दिवशी मुलगी. दावेदार या नियमाचा फारसा उच्चार करीत नाहीत. मला तोच अधिक मोलाचा वाटतो, कारण तो तपासता येतो.

फळ्यावर मांडून पाहा. चक्र २८ दिवसांचे आणि रक्तस्राव ५ दिवसांचा धरला, तर नियमाप्रमाणे गर्भधारणेचे दिवस ६ ते ११. जपानी स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली दाखवून दिले की, बीज सुटते ते पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी. म्हणजे मोजायचे ते गेल्या पाळीपासून पुढे नव्हे, तर येणाऱ्या पाळीपासून मागे. आपल्या उदाहरणात बीज सुमारे १४व्या दिवशी सुटेल. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाचएक दिवस तग धरतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून खरा काळ ९ ते १४. दोन्हींत समान असलेले दिवस तीन. आता चक्र २४ दिवसांचे घ्या. खरा काळ ५ ते १०, आणि नियम जवळजवळ तंतोतंत लागू! ३२ दिवसांचे घ्या. खरा काळ १३ ते १८, आणि नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या जोडप्याला मूल होण्याची आशाच नाही. अशा वेळी गर्भाशय 'थंड' असल्याचे निदान तयार असतेच. चुकला नियम, दोष बाईचा. अधूनमधून यश देणारा नियम शेकडो वर्षे का टिकतो, हे समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मुलगा-मुलगीचा भाग तर निम्म्या वेळा आपोआप बरोबर ठरतो. मनुस्मृतीत नियम नेमका उलटा आहे: सम रात्री पुत्र, विषम रात्री कन्या. तेथे मोजणी पाळीच्या आरंभापासून होते, चीनमध्ये पाळी संपल्यापासून. त्यामुळे रक्तस्राव ५ दिवस चालला तर दोघांचे एकमत होते आणि ४ दिवस चालला तर भांडण! विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली २२१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भधारणा बीज सुटण्याच्या दिवशी संपणाऱ्या सहा दिवसांतच झाली होती आणि बाळाच्या लिंगाचा समागमाच्या दिवसाशी काही संबंध आढळला नाही. आईचे वय आणि गर्भधारणेचा चांद्रमास पाहून लिंग सांगणारा 'चिनी तक्ता' आपल्याकडेही फिरतो. तो २०१० साली स्वीडनमधील २८ लाखांहून अधिक जन्मांवर ताडून पाहण्यात आला. नाणेफेकीइतकाच अचूक निघाला.

याचा अर्थ चिनी वैद्य डोळे मिटून बसले होते असा नव्हे. स्रावाचा रंग, प्रमाण, गाठी, वेदना कधी होतात, हे सारे ते बारकाईने विचारीत. आजच्या धावपळीच्या दवाखान्यांत हे प्रश्न अनेकदा राहूनच जातात.

माझा आक्षेप आहे तो नव्या मांडणीला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी वैद्यकाने रोजच्या तापमानाचा आलेख स्वीकारला. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे पहाटेचे तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते. आलेखाचा आधीचा थंड भाग म्हणजे 'यिन', नंतरचा उष्ण भाग म्हणजे 'यांग', असे नामकरण झाले. तापमान हळूहळू चढले तर यांग अपुरा, आधीच जास्त असेल तर यिन अपुरा. कोणताही आलेख आणा, त्याला नाव आहे. चुकीचा ठरेल असा आलेखच नाही. सुन सिमियाओचा नियम निदान चुकू तरी शकत होता! शिवाय तापमान चढते ते बीज सुटून गेल्यावर. त्या महिन्याची संधी तोवर बहुधा संपलेली असते.

उपचारांची परीक्षा मात्र घेता येते, आणि चिनी संशोधकांनीच ती घेतली हे त्यांना भूषणावह आहे. अंडाशयाच्या पीसीओएस विकारात बीज नियमित सुटत नाही. असा विकार असलेल्या चीनमधील १००० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. खऱ्या ॲक्युपंक्चरनंतर २१.८ टक्के स्त्रियांना मूल झाले, नकली ॲक्युपंक्चरनंतर २२.४ टक्के. क्लोमिफेन या गोळीने हे प्रमाण २८.७ टक्के, तर तिच्यासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीने १५.४ टक्के आले. वनस्पतिज औषधांचा निवाडा या चाचणीतून होत नाही. पण पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला 'आधी यांग सुधारू, सहा महिने थांबा' असे सांगणाऱ्याला हे आकडे दाखवायला हवेत, कारण ते सहा महिने तिला कोणीही परत देऊ शकत नाही.