पोसणारा कोण? : ‘कोसला’, ‘आधे-अधूरे’ आणि ‘वाडा चिरेबंदी’

वयात आलेल्या, शिकलेल्या, तरीही आईबापांच्या मिळकतीवर जगणाऱ्या अपत्याचे चित्रण स्वातंत्र्योत्तर भारतीय साहित्यात वारंवार येते. समीक्षेने मात्र त्याला बहुधा अस्तित्ववादी वा परात्म नायक ठरवून त्याच्या जेवणाचा खर्च कोण करतो, हा प्रश्न बाजूला ठेवला. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (1963) संबंधीची चर्चा याचे ठळक उदाहरण होय.

पांडुरंग सांगवीकर पुण्यात वडिलांचे पैसे उधळतो, परीक्षेत नापास होतो आणि पंचविशीत सांगवीला परततो. वडिलांविषयीचा त्याचा तिटकारा खरा आहे. पण त्या तिटकाऱ्याला जमिनीचा आधार आहे. शेतकरी बापाचा मुलगा कमावता नसला तरी वारस असतोच. त्यामुळे येथे परावलंबन म्हणजे लांबणीवर टाकलेली मालकी ठरते, आणि पांडुरंगाच्या निवेदनातील तिरकस विनोदाला लागणारी फुरसत त्यातूनच मिळते. निरर्थकतेचा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही, इतके येथे नमूद करणे पुरे.

मोहन राकेश यांच्या ‘आधे-अधूरे’ (1969) या हिंदी नाटकात ही सोय नाही. घर चालते ते सावित्रीच्या पगारावर. नवरा महेंद्रनाथ स्वतःच तिच्यावर अवलंबून आहे. त्यामुळे अशोकपुढे बंड करण्याजोगा बापही उरत नाही. नोकरीच्या आशेने सावित्री आपल्या साहेबाला, सिंघानियाला, घरी बोलावते आणि अशोक त्याचे व्यंगचित्र काढतो. या कृतीत स्वाभिमान आहे, हे नाकारता येत नाही. पण त्याची किंमत उद्या त्याच कचेरीत जाणारी आई मोजणार आहे. अशोकजवळ वारसा नाही, म्हणून त्याचा उपरोध पांडुरंगासारखा पसरत नाही. तो चटकन कडवट होतो.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (1985) पोसणारे तात्याजी पडदा उघडण्यापूर्वीच गेलेले आहेत. उरला आहे तो वाडा आणि सोने. येथे ‘आश्रित’ हा शब्दच संशयास्पद होतो. चंदू दिवसभर घरासाठी राबतो, तरी त्याच्या श्रमांची नोंद कुठे नाही. प्रभाला पुढे शिकायचे होते. तात्याजींनी शिकू दिले नाही. म्हणजे तिचे परावलंबन ही तिची वृत्ती नव्हे, तो वडिलांचा निर्णय होता. आता ती आपल्या वाट्याच्या सोन्यावर शिक्षणाची आशा बांधते, आणि रंजू तेच सोने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते.

परतीची वाट पांडुरंगासाठी खुली होती, कारण तो मुलगा होता. प्रभाला निघण्याचीच वाट मिळाली नाही. ‘कोसला’च्या समीक्षेत पांडुरंगाच्या परतण्याचा अर्थ लावताना हा फरक क्वचितच विचारात घेतला जातो.