विटाळाचा प्रश्न आणि मराठीचे दोन आद्य पंथ

मराठी वाङ्मयाचा आरंभ सांगताना महानुभाव आणि वारकरी ह्या दोन पंथांची नावे जोडीनेच घेतली जातात. दोघांनी संस्कृत सोडून लोकभाषा स्वीकारली, म्हणून दोघेही समतेचे प्रवर्तक, असा निष्कर्ष सर्रास काढण्यात येतो. तो घाईचा आहे. भाषा एक असली म्हणजे दृष्टीही एक असते असे नाही. ही दृष्टी पारखण्यास विटाळाच्या प्रश्नाइतकी चोख कसोटी दुसरी नाही.

लोकभाषेचे श्रेय मात्र निर्विवाद आहे. केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करू नये, त्यामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया धर्माला मुकतील, असे नागदेवाचार्यांनी बजावल्याचे 'स्मृतिस्थळ' सांगते. पालिच्या अभ्यासकाला येथे विनयपिटकातील चुल्लवग्गाची आठवण होते. ब्राह्मण कुळातील दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात बांधण्याची अनुज्ञा मागितली. तथागतांनी ती नाकारली. पुढे बुद्धघोषांनी 'आपली भाषा' म्हणजे मागधी असा अर्थ केला, ही गोष्ट निराळी.

म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' सुमारे १२७८ चे, तर 'ज्ञानेश्वरी' १२९० ची. काळ एक, राज्य यादवांचेच; पण विश्वाची मांडणी भिन्न. महानुभावांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून वेगळे आहेत. देवतांच्या उपासनेने मोक्ष नाही. त्यामुळे क्षुद्र देवता आणि त्यांच्याभोवतीचे शिवाशिवीचे कर्मकांड ह्यांचा धाक तेथे उरत नाही. रजःस्राव हा शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव होय, हे चक्रधरांचे स्पष्टीकरण ह्याच दृष्टीतून आलेले आहे. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू अस्पृश्यांच्या घरांत जात, असे त्यांचे चरित्र सांगते. परंतु हा पंथ पुढे सकळा आदी सांकेतिक लिप्यांत आपले ग्रंथ मिटवून बसला. ज्या वृद्धांसाठी मराठी स्वीकारली, त्यांच्या गावापर्यंत ती पोचली नाही.

वारकऱ्यांनी उलट केले. त्यांची वाणी शिवारात, वाटेवर, वाळवंटात खुली राहिली. पण 'ज्ञानेश्वरी' ही गीतेवरील टीका आहे, आणि गीतेचा वर्णधर्म तिने अठराव्या अध्यायात विस्ताराने मांडला आहे. नवव्या अध्यायात जाती विरून जातात खऱ्या. मात्र ईश्वराशी एकरूप झाल्यावर. तोवर त्या जशाच्या तशा राहतात. ऐक्य मुक्कामाला आणि भेद वाटेत, अशी ही व्यवस्था आहे. करकंबच्या वाचकाला ती पुस्तकात शोधावी लागत नाही. त्याच्याच तालुक्यातील पंढरपूरला महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे. ते १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून मरण पावले. त्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडण्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

चोखोबांच्या नावावरील एका अभंगात महाराचा जन्म हे पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेचे फळ मानले आहे. सोयराबाई पुढे जातात : विटाळाशिवाय देहच नाही, असे त्या म्हणतात, पण दिलासा शोधतात तो निर्मळ आत्म्यात. कर्ममेळा तर हा जन्म का दिला, असा जाब थेट देवालाच विचारतो. एकाच घरातील हे तीन स्वर आहेत. त्यांत वेदना अस्सल आहे, प्रश्नही अस्सल आहे. पण उत्तर देणारा मात्र देवच राहतो.

मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. ब्राह्मण ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मले, ह्या दाव्यावर बुद्ध विचारतात : ब्राह्मण स्त्रियांनाही ऋतू येतो, गर्भ राहतो, त्या प्रसवतात, दूध पाजतात, हे दिसत नाही काय? येथे आत्म्याचा आधार नाही, देवाकडे तक्रार नाही. डोळ्यांना दिसणारे सत्यच जन्मश्रेष्ठत्वाचा पाया काढून घेते.

तथापि हीच कसोटी आपल्या ग्रंथांनाही लावली पाहिजे. चूळकम्मविभंगसुत्तात नीच कुळातील जन्म पूर्वीच्या अहंकाराचे फळ म्हणून सांगितला आहे. चोखोबांच्या अभंगाला दोष द्यायचा आणि ह्या सुत्तावरून डोळे झाकून पुढे जायचे, हे समीक्षकाला शोभत नाही. बाबासाहेबांनी ते केले नाही. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' ह्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची कल्पना त्यांनी बुद्धाची म्हणून स्वीकारण्यास नकार दिला.

संतांविषयीही त्यांची भूमिका अशीच दुपदरी होती. जातीविरुद्ध संतांनी लढा उभारला नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ह्या ग्रंथाची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस वाहिली. ह्यात विसंगती नाही. माणसाचा आदर करावा आणि त्याच्या दृष्टीची चिकित्सा करावी, हीच समीक्षेची रीत होय. चोखोबांच्या घराण्याने विचारलेले प्रश्न आपले आहेत. त्यांची उत्तरे मात्र महाद्वारापाशी उभे राहून मिळणार नाहीत.