मोडणारा हात कोणाचा? लेगोवरच्या एका गाजलेल्या पेपरबद्दल

पीएच.डी.च्या प्रस्तावाचं प्रेझेंटेशन चालू होतं. माझा विषय छंद म्हणून केलेलं काम. म्हणजे ज्याचे पैसे मिळत नाहीत, उलट आपलेच जातात, असं काम. पाचव्या स्लाइडवर मी मोठ्या ठसक्यात सांगून टाकलं, की केलेलं काम डोळ्यांदेखत मोडलं तर माणसाची काम करायची इच्छाच मरते आणि हे लेगोवरच्या प्रयोगातून सिद्ध झालंय. समितीतल्या एका मॅडमनी चष्मा थोडा खाली घेतला आणि विचारलं, "बरं. आणि ज्यांची खेळणी मोडली नाहीत, त्यांच्या खेळण्यांचं शेवटी काय होणार होतं?"

मला सांगता आलं नाही, कारण मी पेपर वाचलाच नव्हता. त्यावरचं भाषण ऐकलं होतं, एका पुस्तकात सारांश वाचला होता आणि तेवढ्यावर 'सिद्ध झालंय' म्हणून मोकळी झाले होते. त्यात गंमत म्हणजे मी स्वतः या ब्रिक्सची मॉडेल्स करते, आणि केलेली मॉडेल्स आठवड्यातून दोनदा तरी मोडते. ते वाक्य माझ्या स्वतःच्या टेबलावरच खोटं ठरत होतं आणि मला ते दिसलंही नव्हतं.

म्हणून आज हा पेपर तुमच्यासमोर घेऊन बसले आहे. २००८ चा. लेखक डॅन एरिएली, एमिर कामेनित्सा आणि ड्राझेन प्रेलेक. 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग: द केस ऑफ लेगोज' हे नाव. व्हिक्टर फ्रँकलच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या नावाशी केलेली ही चेष्टा तुमच्या लक्षात आली असेलच. छापून आला तो अर्थशास्त्राच्या जर्नलमध्ये, मानसशास्त्राच्या नव्हे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

प्रयोग असा. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना बायोनिकल जोडायला दिले. बायोनिकल ही लेगोची तेव्हाची लोकप्रिय मालिका, सांध्यांत हलणारे हातपाय आणि मुखवटे असलेल्या लढवय्या आकृत्यांची. प्रत्येक आकृतीचे ४० तुकडे, सोबत सूचनांचा कागद, आणि जोडायची पद्धत एकच. पहिल्या आकृतीला २ डॉलर, मग प्रत्येक पुढच्या आकृतीला ११ सेंट कमी. वाटेल तेव्हा थांबायची मोकळीक. एका गटात जोडून झालेली प्रत्येक आकृती टेबलावर ओळीत उभी राहायची आणि पुढचा नवा डबा मिळायचा. दुसऱ्या गटासाठी डबे दोनच. तुम्ही दुसरी आकृती जोडत असताना समोर बसलेला प्रयोगकर्ता तुमची पहिली सुटी करत बसणार, आणि तिसरी म्हणून तेच तुकडे परत तुमच्या हातात देणार. या गटाला लेखकांनी नाव दिलं सिसिफस. ग्रीक कथेतला, डोंगरावर धोंडा ढकलत राहणारा आणि तो प्रत्येक वेळी खाली येताना बघणारा.

पहिल्या गटाने सरासरी १०.६ आकृत्या जोडल्या, सिसिफस गटाने ७.२. हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका, कागद घ्या आणि मजुरीत बदला. सातव्या आकृतीला १.३४ डॉलर मिळत होते, आठव्याला १.२३, दहाव्याला १.०१, अकराव्याला ९० सेंट. म्हणजे ढोबळमानाने, एक गट सव्वा डॉलरला 'नको' म्हणाला आणि दुसरा एका डॉलरलाही 'आणा' म्हणत राहिला. काम तेच, तुकडे तेच, सूचनांचा कागदही तोच. मला या प्रयोगात सगळ्यात जास्त आवडते ती ही घसरती मजुरी. 'तुम्हाला काम किती अर्थपूर्ण वाटलं, एक ते सात' असली प्रश्नावली नाही. माणूस कुठे थांबतो एवढंच बघायचं. आपल्याकडे प्रश्नावली वाटण्याची इतकी सवय झालीय की हा साधेपणा शिकण्यासारखा आहे.

एरिएली हे नाव वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. ते सहलेखक असलेला, सही फॉर्मच्या वर घ्यावी की खाली याविषयीचा २०१२ चा पेपर २०२१ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातल्या एका प्रयोगाचा डेटा बनावट असल्याचं समोर आलं. पण तेवढ्यावरून हा २००८ चा पेपर चुकीचा ठरत नाही आणि बरोबरही ठरत नाही. नावावरून निकाल लावायचा असेल तर पेपर वाचायची गरजच काय? आपण आतलं बघू.

आता मॅडमचा प्रश्न. ज्यांच्या आकृत्या टेबलावर ओळीने उभ्या राहिल्या, त्यांच्या आकृत्यांचं पुढे काय होणार होतं? त्यासुद्धा मोडल्याच जाणार होत्या. पुढच्या माणसासाठी सुट्या करून परत डब्यात भरल्या जाणार होत्या, आणि हे दोन्ही गटांना आधीच सांगितलेलं होतं. एकाही माणसाला आपली आकृती घरी न्यायची नव्हती. म्हणजे दोन गटांतला फरक 'मोडणं' आणि 'टिकणं' असा नव्हताच. फरक एवढाच, की एकाचं काम त्याच्या देखत आणि लगेच मोडलं जात होतं, दुसऱ्याचं त्याच्या मागे आणि नंतर. माझ्या पाचव्या स्लाइडवरचं वाक्य तिथेच कोसळलं. आणि लक्षात घ्या, हे शोधायला मला संख्याशास्त्र लागलं नाही, प्रयोगाच्या पद्धतीचा भाग नीट वाचावा लागला. आपण नेमका तोच भाग सोडून निष्कर्षावर उडी मारतो.

याच पेपरात आणखी एक प्रयोग आहे, लेगोच्या आधीचा. भाषणांतून तो सांगितला जातो, पण लेगोइतका लोकांच्या लक्षात राहत नाही. एमआयटीच्या विद्यार्थ्यांना अक्षरांनी भरलेला कागद द्यायचा, त्यातल्या लागोपाठ आलेल्या दोन 'एस'च्या जोड्या शोधायच्या. मजुरी इथेही उतरती. पहिल्या गटाने कागदावर नाव लिहायचं, प्रयोगकर्ता तो बघून फाइलला लावणार. दुसऱ्या गटाचा कागद न बघता ढिगावर ठेवला जाणार. तिसऱ्याचा सरळ श्रेडरमध्ये. सरासरी कागद अनुक्रमे ९.०३, ६.७७ आणि ६.३४.

वजाबाकी करा. 'बघितलं' पासून 'बघितलं नाही' पर्यंतची घसरण २.२६. 'बघितलं नाही' पासून 'फाडून टाकलं' पर्यंत ०.४३. कामाचा चुरा झाल्याने जितकं बिघडलं, त्याच्या पाचपट आधीच, कोणी बघितलं नाही म्हणून बिघडलेलं होतं. आता हे डोक्यात ठेवून लेगोच्या खोलीत परत या. समोरचा माणूस तुमची आकृती सुटी करतोय, तेव्हा तो दोन गोष्टी एकदम करतोय. काम मोडतोय, आणि 'मला याचं काही नाही' असंही सांगतोय. इच्छा मारली ती यातल्या कोणत्या गोष्टीने? लेगोचा प्रयोग हे वेगळं करू शकत नाही, कारण दोन्ही एकाच हाताने होतंय. यालाच कन्फाउंड म्हणतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा प्रसंग लक्षात ठेवा.

इथपर्यंतची टीका कोणीही शांतपणे वाचणारा करू शकेल. मला त्यापुढे एक म्हणायचंय, आणि ते मी छंदाच्या बाजूने म्हणतेय. शीर्षकात 'लेगोज' आहे, पण प्रयोगात लेगो नाही. म्हणजे प्लॅस्टिक आहे, खेळ नाही. ४० तुकडे, एकच पद्धत, आकृती संपली की पुन्हा तीच आकृती, समोर मजुरी. हे कारखान्यातलं जोडकाम झालं. जर्नल अर्थशास्त्राचं आहे, प्रश्न मजुरीच्या पुरवठ्याचा आहे, त्या प्रश्नापुरतं हे चालतंही. पण मी तो पेपर छंदाबद्दलच्या प्रस्तावात आणून ठेवला होता, आणि तिथे तो लागूच होत नाही.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सूचनांचा कागद बाजूला ठेवून स्वतःच्या मनातलं मॉडेल करणं, याला या छंदातले लोक 'मॉक' म्हणतात, 'माझी स्वतःची निर्मिती' या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. त्यासाठी सुटे तुकडे विकत घेतात, सेट फोडतात, एका मिनीफिगरचं डोकं दुसरीच्या धडावर बसवतात. बायोनिकल मालिका तर यात खास लाडकी, कारण तिचे गोळ्या-खोबणीचे सांधे कुठेही जोडून हव्या त्या प्राण्याचं शरीर करता येतं. म्हणजे प्रयोगासाठी खेळणं निवडलं तेही असं, की ज्याचे चाहते सूचनांचा कागद आधी फेकतात!

माझं उदाहरण देते. गेले काही महिने मी एका किल्ल्याचा बुरुज करतेय. चौकोनी ब्रिक्समधून गोल भिंत काढायची एक जुनी युक्ती आहे. एक बाय दोनची ब्रिक, शेजारी एक बाय एकची गोल ब्रिक, पुन्हा एक बाय दोनची, अशा ओळी एकावर एक चढवत जायच्या. गोल ब्रिकच्या जागी भिंत किंचित वळते, आणि भिंत पुरेशी लांब असेल तर वळत वळत टोकं जुळतात. पुरेशी लांब, हे मला तिसऱ्यांदा मोडल्यावर कळलं. पहिल्या वेळी टोकं जुळेनात, ओढून जुळवली तर खालचे स्टड सुटायला लागले. दुसऱ्या वेळी भिंत जुळली, पण बुरुज इतका मोठा झाला की शेजारचा दरवाजा बाहुलीघराचा वाटायला लागला. तिन्ही वेळा मीच मोडलं. तिन्ही वेळा वाईट वाटलं नाही असं नाही, पण जोडायची इच्छा कमी झाली नाही. उलट, मोडताना कुठला तुकडा कुठे ताण घेत होता ते हाताला कळतं, जोडताना तसं कळत नाही.

या छंदात मोडणं हे कामाचंच अंग आहे. कंपनीसुद्धा मोठ्या सेटमध्ये घट्ट बसलेले तुकडे सोडवायचं एक छोटं नारिंगी अवजार टाकते, ब्रिक सेपरेटर. खेळण्यासोबत मोडायचं साधन! आणि आपल्यातल्या बहुतेकांनी हे सगळं लेगो न बघताही केलेलं आहे. दिवाळीतला मातीचा किल्ला आठवा. चार दिवस चिखलात हात, आळिवाची हिरवळ, पायऱ्या, आणि दिवाळी संपली की माती परत बागेत. मावळे मात्र धुऊनपुसून डब्यात, पुढच्या वर्षासाठी. पुढच्या वर्षी इच्छा कमी झालीय असं म्हणणारं पोर मी तरी पाहिलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, स्वतः मोडण्याचाही प्रयोग झालेला आहे. बरोबर आहे, आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली यांचा २०१२ चा 'आयकिया इफेक्ट' हा पेपर. स्वतः जोडलेल्या वस्तूला आपण जास्त किंमत देतो, पण तीच वस्तू जोडून मग मोडली तर तो जास्तीचा जीव नाहीसा होतो, असं त्यात दिसलं, आणि त्यातही लेगोचे छोटे सेट होते. मग माझा मुद्दा संपला का? मला तसं वाटत नाही, पण तुम्ही वाचून ठरवा. तिथे मोजलंय ते वस्तूसाठी किती पैसे द्यायला तयार आहात हे. पुन्हा जोडायला बसाल का, हे नव्हे. माझ्या पडलेल्या बुरुजाच्या ढिगाला मीसुद्धा काही जास्त किंमत देणार नाही. पण उद्या त्याच ढिगासमोर बसणार आहे. शिवाय तिथेही सेट ठरलेला होता आणि मोडायचं कारण प्रयोगातून आलेलं, मोडणाऱ्याच्या मनातून नाही.

तेव्हा जो प्रयोग मला हवा आहे तो असा दिसतो. काही जणांना सूचनांचा कागद, काही जणांना फक्त 'एक प्राणी करा'. त्यातल्या काहींचं काम दुसऱ्याने मोडायचं, काहींनी स्वतः मोडायचं कारण सांगितलंय म्हणून, आणि काहींना नुसती मोकळीक, हवं तर मोडा. हा शेवटचा गट सगळ्यात अवघड, कारण तिथे कोण मोडेल हे आपण ठरवत नाही, आणि जे मोडतील ते मुळातच वेगळ्या स्वभावाचे असतील. मग तुलना कोणाशी करायची? शिवाय सगळ्यांचं काम कोणीतरी सारख्याच लक्षाने बघायला हवं, नाहीतर एमआयटीच्या त्या ढिगासारखं व्हायचं. आणि मजुरी? उतरती मजुरी हे या पेपरचं बळ, पण मजुरी टेबलावर ठेवली की छंद उरतो का, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. गाइड म्हणतात, मजुरीऐवजी वेळ मोजा, खोलीतून जायची मुभा द्या आणि कोण किती वेळ बसून राहतं ते बघा. मला ते अर्धंच पटलंय.

पाचवी स्लाइड मात्र बदलली. आता तिच्यावर लिहिलंय: 'ठरलेल्या पद्धतीचं, मजुरीवरचं जोडकाम दुसऱ्याने समोरच सुटं केलं, तर लोक लवकर थांबले, मोडल्यामुळे की दुर्लक्षामुळे, हे या प्रयोगातून सांगता येत नाही.' लांबलचक आहे, स्लाइडवर दोन ओळींत मावत नाही. फॉन्ट लहान केलाय.