‘द विंटर्स टेल’मधील वाणसामानाची यादी : लोकर, बेदाणे आणि गोपजीवनाचे अर्थकारण

प्रास्ताविक

शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या उत्तरकालीन नाटकाच्या चौथ्या अंकाचा विचार करताना समीक्षेचे लक्ष प्रामुख्याने पर्डिटा आणि पॉलिक्झेनिस यांच्या पुष्पसंवादावर केंद्रित झालेले दिसते. निसर्ग आणि मानवी कला यांचे नाते हा त्या संवादाचा विषय आहे. याच अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात मेंढपाळाचा मुलगा लोकर-कातरणीच्या उत्सवासाठी आणावयाच्या वाणसामानाची यादी घोकत रंगमंचावर येतो. हा भाग बहुधा विनोदासाठी योजलेला मानून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखात या यादीचा, विशेषतः तीतील बेदाण्यांचा, भूमध्य समुद्रातील तत्कालीन इंग्रज व्यापाराच्या संदर्भात विचार केला आहे. ही यादी वगळल्यास पुष्पसंवादाचा अर्थही अपुरा राहतो, अशी या विवेचनाची भूमिका आहे.

हिशेब आणि यादी

मुलगा यादीआधी हिशेब मांडतो. अकरा मेंढ्यांमागे एक टॉड, म्हणजे २८ पौंड वजनाची लोकर मिळते. टॉडची किंमत एक पौंड आणि वर एक शिलिंग. कातरलेले मेंढे १५००. हे उत्पन्न सुमारे १४३ पौंड भरते. परंतु मोजणीच्या सोंगट्यांवाचून त्याला ते काढता येत नाही. हिशेब अर्धवट टाकून तो यादीकडे वळतो : तीन पौंड साखर, पाच पौंड बेदाणे, तांदूळ, केशर, जायफळ, आले, आलुबुखार आणि उन्हात वाळवलेल्या मनुका. बहीण तांदळाचे काय करणार, असा प्रश्नही त्याला पडतो.

येथील क्रम अर्थपूर्ण आहे. प्रथम घरची लोकर, नंतर परक्या भूमीतील जिन्नस. गोपकाव्यात कळप आणि कुरण यांचे जग स्वयंपूर्ण असल्याचा आभास असतो. शेक्सपिअरचा मेंढपाळ मात्र बाजारभावाची भाषा बोलतो. बोहेमियाला समुद्रकिनारा दाखविल्याबद्दल बेन जॉन्सनने शेक्सपिअरला दोष दिला होता. नकाशावरील ती चूक खरी असली, तरी उत्सवाच्या स्वयंपाकघरातील सागरी संबंध काल्पनिक नव्हते.

बेदाण्यांचा प्रवास

यादीतील बारीक, काळ्या, बिनबियांच्या बेदाण्याचे इंग्रजी नाव ग्रीसमधील कॉरिंथ या नगराच्या नावावरून आले आहे. त्याचे पीक मुख्यतः व्हेनिसच्या ताब्यातील झांटे आणि केफलोनिया या बेटांवर, तसेच ऑटोमन सत्तेखालील मोरियात होत असे. १५७५ मध्ये राणी एलिझाबेथने इंग्लंडमध्ये हा माल आणण्याचा मक्ता लुक्का येथील व्यापारी अचेर्बो वेलुतेल्ली याला दिला होता. १५८३ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांची व्हेनिस कंपनी आणि १५९२ मध्ये तिच्यासह तुर्की कंपनी सामावून घेणारी लेव्हांट कंपनी अस्तित्वात आली.

ऑटोमन बंदरांत इंग्रज व्यापाऱ्यांचे लोकरी कापड विकले जाई. या लहान बेटांवर मात्र कापडाला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे बेदाण्यांची किंमत बहुतांशी रोख चांदीच्या नाण्यांत मोजावी लागे. पीक हाती येण्यापूर्वीच उत्पादकांना उचल देण्याची पद्धत रूढ झाली. गव्हाच्या जमिनीत द्राक्षवेली वाढू लागल्या आणि बेटांच्या धान्यपुरवठ्याची चिंता व्हेनिसच्या अधिकाऱ्यांना वाटू लागली. मेंढपाळाच्या मुलाच्या बोलण्यात लोकरीनंतर बेदाणे जितक्या सहजपणे येतात, तितका हा विनिमय प्रत्यक्षात सरळ नव्हता.

कराचा प्रश्न

बेदाणा हा त्या काळी राजकीय वादाचाही विषय होता. लेव्हांट कंपनीचा व्यापारी जॉन बेट याने बेदाण्यांवरील राजाज्ञेने लादलेला जादा कर भरण्यास नकार दिला. पार्लमेंटच्या संमतीने चालत आलेला कर प्रत्येक हंड्रेडवेटला, म्हणजे ११२ पौंडांना, अडीच शिलिंग होता. जादा कर पाच शिलिंग. १६०६ मध्ये एक्सचेकर न्यायालयाने राजाच्या बाजूने निकाल दिला. १६०८ मध्ये असे कर इतर अनेक वस्तूंवर बसविण्यात आले आणि १६१० च्या पार्लमेंटमध्ये त्यावरून तीव्र वाद झाला. सायमन फॉर्मनने हे नाटक ग्लोब नाट्यगृहात पाहिल्याची नोंद १५ मे १६११ ची आहे. शेक्सपिअरने खटला डोळ्यांसमोर ठेवून यादी रचली, असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु यादीतील पाच पौंड बेदाण्यांवर वरील दराने सुमारे चार पेन्स कर पडत होता आणि त्यांपैकी बहुतांश भाग वादग्रस्त होता. लंडनच्या प्रेक्षकाला हा शब्द सर्वस्वी निरुपद्रवी वाटला नसावा.

पुष्पसंवादाचे पुनर्वाचन

पुष्पसंवादात पर्डिटा संकराने रंग पालटलेली फुले आपल्या बागेत लावण्याचे नाकारते. निसर्गात मानवी हस्तक्षेप तिला अमान्य आहे. कलम करणारी कलाही निसर्गाचीच देणगी आहे, असे पॉलिक्झेनिस प्रतिपादन करतो आणि थोड्याच वेळात आपल्या मुलाच्या मेंढपाळकन्येशी होऊ घातलेल्या विवाहाला कडाडून विरोध करतो. त्याच्यातील विसंगती सर्वपरिचित आहे. पर्डिटाच्या बाबतीत तिचे राजकुल आणि मेंढपाळाच्या घरातील संगोपन यांतील विसंगती दाखविली जाते. यादी आणखी एक विसंगती पुढे आणते. उत्सवाची यजमानीण पर्डिटाच आहे. तिच्याच इच्छेने ही चैनीची खरेदी ठरली आहे. तिची बाग संकर नाकारते, तिचा स्वयंपाक मात्र दूरदेशीच्या जिनसांच्या मिश्रणावर उभा आहे. शुद्धतेचा आग्रह बागेच्या कुंपणापर्यंतच टिकतो.

न आलेले बेदाणे

ऑटोलिकस हे पात्र रॉबर्ट ग्रीनच्या ‘पँडोस्टो’ (१५८८) या आधारकथेत नाही. लुबाडला गेल्याचे सोंग करून तो मदतीला आलेल्या मुलाचाच खिसा कापतो. पुढील प्रवेशात मुलगा आपले सर्व पैसे गेल्याचे सांगतो. त्या वेळी ऑटोलिकस फेरीवाला होऊन त्याच उत्सवात माल विकत असतो. बेदाणे विकत घेतले गेले की नाही, हे नाटक सांगत नाही. उत्सव मात्र थाटात पार पडतो. खर्चाचा स्रोत नाहीसा होऊनही समृद्धीचे चित्र अबाधित राहते, हेच गोपकाव्याच्या संकेताचे मर्म म्हणता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून यादीचे कार्य केवळ विनोदापुरते मर्यादित नाही, हे स्पष्ट होते. ती गोपजीवनाच्या स्वयंपूर्णतेला बाजाराची जाणीव देते आणि पर्डिटाच्या शुद्धतेच्या कल्पनेची मर्यादा दाखविते. तथापि तिलाही मर्यादा आहे. नाटकात ग्राहक आहे, चोर आहे, फेरीवाला आहे. पिकापूर्वी उचल घेऊन बांधला गेलेला झांटेचा शेतकरी कोठेही नाही. नाटकाने ज्याला शब्द दिला नाही, त्याची अनुपस्थिती नोंदविणे हेही समीक्षेचे कर्तव्य ठरते.