कॉल सेंटर घरात आल्यावर 'जॉन अँड जेन'

अशीम अहलुवालियाचा 'जॉन अँड जेन' हा माहितीपट २००५ सालचा. मुंबईतल्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला अमेरिकेचे टोल-फ्री फोन घेणारी सहा माणसं त्यात आहेत. पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात एम.एस्सी.ला असताना, हॉस्टेलवर, कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून. दुसऱ्यांदा पाहिला तो यंदाच्या हिवाळ्यात, आल्मेरेत, हेडफोन लावून. कारण भिंतीपलीकडे बायको एका ऑनलाइन दुकानाच्या इंग्रजी हेल्पलाइनवर कुणाच्या तरी हरवलेल्या पार्सलची चौकशी करत होती.

हॉस्टेलवर आम्ही तो भारावून पाहिला होता. माहितीपट असून तो विज्ञानकथेसारखा दिसतो: थंडगार प्रकाश, रात्रीचं अनोळखी वाटणारं शहर, वर्गात अमेरिकी उच्चार आणि अमेरिकी जीवनमूल्यं शिकवणारी शिक्षिका. केस सोनेरी करून, ते जन्मतःच तसे आहेत असं सांगणारी नेओमी तर कुणीच विसरत नाही. त्यावर जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक ओळखीबद्दल असतं. नाव बदललं, उच्चार बदलला, मग माणूस उरला किती? प्रश्न खोटा नाही. पण तो आपल्यासारख्या, बाहेरून बघणाऱ्या शिकलेल्या लोकांचा लाडका प्रश्न आहे, असं मला आता वाटतं. काम करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा वेगळा असतो.

या चित्रपटाचा डोलारा एका प्रवासावर उभा आहे. इकडे घर, तिकडे काचेची इमारत, आणि मध्ये अख्खी मुंबई. माणूस जणू त्या अंतरातच कपडे बदलतो. आमच्या घरात ते अंतर अकरा पावलांचं आहे. आल्मेरे हे शहर मुळात ॲमस्टरडॅमवरचा भार कमी करायला वसवलेलं. १९६८ पर्यंत ही जमीन पाण्याखाली होती, पहिले रहिवासी आले १९७६ मध्ये. कामाला तिकडे, झोपायला इकडे, असा बेत. माझ्यासारखे पोस्टडॉक अजूनही सकाळी गाडी पकडून तसंच करतात. ज्यांची कचेरीच बेडरूमच्या कोपऱ्यात आली, त्यांचा विचार या घरांत केलेला नाही. ओपन किचन आहे, आणि दारं पुठ्ठ्यासारखी.

तर कुकर. एका कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये आमच्या कुकरची शिट्टी गेली आणि गुणवत्ता तपासणीत 'पार्श्वभूमीतील आवाज' म्हणून बायकोचे गुण कापले गेले. त्या दिवसापासून तिची पाळी असेल तेव्हा मी डाळ पातेल्यात शिजवतो. तासभर लागतो. स्क्रीनवर तिचं नाव हिरवं असलं की ती उपलब्ध. कॉल संपला की नोंद करायला मोजके सेकंद. बाथरूमला जायचं तर त्यालाही वेगळं बटण. हे सगळं मला पाठ झालंय. कुणी न सांगता मी दाराची बेल बंद करतो, पाहुण्यांना गप्प करतो. कंपनीने सुपरवायझर नेमलेला नाही. ते काम मी फुकट करतो. हे लक्षात आलं तेव्हा बरं वाटलं नाही.

भारतातही हे चित्र बदललं आहे. तिथे कॉल सेंटरला कर्मचारी घरून बसवायचे तर एक कोटी रुपयांपर्यंतची बँक हमी द्यावी लागे. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने नियम सैल केले आणि ती अट गेली. म्हणजे 'जॉन अँड जेन'मधलं काचेचं जहाज आता डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्येही उतरू शकतं.

इथे, नेदरलँड्समध्ये, यावरची मला सापडलेली सगळ्यात नेमकी समीक्षा एका न्यायालयाची आहे. फ्लोरिडातल्या चेटू या सॉफ्टवेअर कंपनीसाठी घरून फोनवर विक्री करणाऱ्या इथल्या एका कर्मचाऱ्याला दिवसभर वेबकॅम चालू ठेवायला आणि स्क्रीन शेअर करायला सांगितलं गेलं. त्याने स्क्रीन दाखवली, कॅमेऱ्याला नकार दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला काढलं. काही आठवड्यांतच न्यायालयाने ही बडतर्फी बेकायदा ठरवली, युरोपीय मानवी हक्क कराराच्या ८व्या कलमाचा, म्हणजे खासगी आयुष्याच्या हक्काचा, आधार घेतला आणि सगळं मिळून सुमारे ७५ हजार युरो द्यायला लावले. त्यात तो माणूस कोण असल्याचं सोंग करतो, हा प्रश्नच नाही. त्याच्याकडे किती वेळ बघत राहायचं, एवढाच आहे.

या तराजूत चित्रपट हलका पडतो का? पूर्णपणे नाही. अहलुवालियाचा कॅमेराही लोकांच्या घरात शिरतो, पण तिथे ती माणसं ड्युटीवर नसतात. शिव्या देतात, कंटाळतात, आळसावतात. तेव्हा मला हे प्रसंग भरताड वाटले होते. आता तेच सगळ्यात मोलाचे वाटतात, कारण पाळी संपल्यावरचं घर त्यात साठवलेलं आहे.

निकालाबद्दल बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे कॅमेरा नाहीच मागत रे. कान आहेत ना."

रविवारी तिने चित्रपट बघायला घेतला. वीसेक मिनिटांनी थांबवला आणि विचारलं, "यांना ब्रेक किती मिनिटांचा असतो?" दोनदा पाहूनही मला सांगता आलं नाही.