श्वेतबिंदुरोगाचा घरगुती उपचार : एक चिकित्सा

गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीतील माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटले की औषध घालावे, आणि ठिपके मावळले की रोग गेला असे समजावे, हा हौशी मत्स्यपालकांतील रूढ प्रघात होय. या प्रघातातील दोष औषधाच्या निवडीत कमी आणि अनुमानाच्या रीतीत अधिक आहे.

रोगाचे कारण असलेल्या पक्ष्मधारी आदिजीवास फूके याने १८७६ मध्ये ‘इक्थिऑफ्थिरिअस मल्टिफिलिइस’ असे नाव दिले. त्यातील दुसरे पद बहुप्रसवत्व दर्शविते, आणि उपचाराचे सारे मर्म त्या एका विशेषणात आहे. माशाच्या बाह्यत्वचेखाली पोसलेला हा जीव पूर्ण वाढला म्हणजे मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कोश रचतो आणि विभाजनाने शेकडो नवे जीव पाण्यात सोडतो. काही दिवसांत आश्रय न मिळाल्यास ते मरतात. बहुतेक औषधांना वश होते ती मुख्यतः हीच मुक्त अवस्था. इतर वेळी त्वचा अथवा कोश परोपजीवीचे रक्षण करतो.

तेव्हा ठिपके मावळणे हे रोगमुक्तीचे लक्षण नसून परोपजीवीच्या स्थलांतराचे असू शकते. त्याचे श्रेय औषधास देणे हा निव्वळ काकतालीय न्याय होय. त्याच दिवशी औषध थांबविले, तर ज्या क्षणी ते परिणामकारक ठरावयाचे नेमका तोच क्षण हातचा जातो. पुढे रोग दुप्पट जोराने उलटला की दोष मात्र औषधाच्या माथी येतो.

‘तीन दिवस औषध द्यावे’ यासारखे ठराविक नियमही तितकेच अपुरे आहेत. सुमारे २५° सेल्सिअसला हे जीवनचक्र साधारण आठवड्यात पुरे होते. १०° सेल्सिअसला त्यास महिन्याहून अधिक काळ लागतो. पाणी ३०° पर्यंत तापविल्यास पुष्कळदा प्रजनन थांबते, परंतु उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आधीच कल्ल्यांना बाधा झालेल्या माशास ही उणीव प्राणघातक ठरू शकते. म्हणून पाण्यात हवा खेळविणे हे त्या उपायाचे अविभाज्य अंग होय.

घरी सूक्ष्मदर्शक नसतो, डोळ्यांखेरीज दुसरा साक्षीदार कोणता, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तापमापक आणि दिनदर्शिका घरोघरी असू शकतात. अखेरचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही त्या तापमानास अनुरूप असे एक संपूर्ण चक्र उलटेपर्यंत उपचार चालू ठेवणे, एवढीच शिस्त येथे अपेक्षित आहे. दृश्य लक्षणास कारण मानण्याचा मोह ज्यास आवरत नाही, त्याच्या हाती उत्तम औषधही निष्फळ ठरते.