बाप मेल्यावर आठवणारं घर

दिवाळी सरून दोन महिने झाले तरी अंकांचा गठ्ठा अजून उशाशी आहे. त्यातल्या एका अंकाने जुन्या घरांवर विभाग काढलाय. नाव घेत नाही, संपादक भला माणूस आहे. अकरा लेख. अकराही घरांना ओसरी आहे, माजघर आहे, परसात आड आहे, आणि झोपाळ्याच्या कड्या तर कुरकुरून कुरकुरून झिजल्यात. अकरांपैकी नऊ जणांना ते घर वडील गेल्यावर आठवलं. वाटणी झाली, बिल्डर आला, लेखकाने पेन उचललं. वडील हयात होते तोवर ह्यांतलं कुणी त्या घरात दोन रात्रींच्या वर राहिलेलं दिसत नाही.

लेख वाईट नाहीत, हेच दुखणं आहे. भाषा मऊ, तपशील नेमके, शेवटी डोळ्यांत पाणी. मराठीत कुटुंबावर लिहायचं तर कसं, ह्याचा साचा आता इतका पक्का झालाय की त्यात कुणीही ओतलं तरी मूर्ती बरी निघते. साचा असा: मुलगा शहरात असतो, बाप मरतो किंवा मरायला टेकतो, मुलगा गावी येतो, घर बघतो, हळहळतो, परत जातो.

उगाच बोट दाखवत नाही. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' नाटकात तात्याजी गेल्यावर सुधीर मुंबईहून धरणगावला येतो. 'हिंदू' कादंबरीतला खंडेराव मोहेंजोदडोचं उत्खनन सोडून बापासाठी मोरगावला धावतो. पहिलं 1985चं, दुसरं 2010चं. मधल्या पंचवीस वर्षांत देश बदलला, पण घरात शिरायची वाट तीच राहिली, बापाच्या तिरडीवरून. दोन्ही कलाकृती मोठ्या आहेत, त्यावर वाद नको. एलकुंचवारांनी तर वाड्याला एका वाक्याची दया दाखवलेली नाही. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, तेरवीच्या खर्चावरून चाललेली कुजबुज, आणि रात्री सगळं सोनं अंगावर चढवून बसलेली ती वहिनी. त्या एका दृश्यात वाड्यातल्या देशपांडे घराण्याच्या चार पिढ्या नागड्या होतात. पण नाटकातून निघालेल्या गर्दीने घरी नेलं काय? वाडा. वहिनी तिथेच राहिली.

रंगनाथ पठारे यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' 2019 साली आलं तेव्हा मी आशेने उघडलं. शतकांचा पल्ला, अभ्यास, आणि कुळाच्या अभिमानाला टाचणी लावायची हिंमतही. बाया आहेत, ठसठशीत आहेत. पण मोजायचा धागा बापाकडून बापाकडेच जातो. वृत्तांत कुळाचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये आजा, बाप, नातू असं तिहेरी घर आहे आणि शेतकऱ्याच्या घरातलं रोजचं भांडण त्यांच्याइतकं खरं फार थोड्यांनी लिहिलं. तरी एकनाथची बायको अलका घर सोडून जाते तेव्हा कादंबरी तिच्यामागे जात नाही, एकनाथपाशीच थांबते. मला अलकाच्या एसटीत बसायचं होतं.

मालिकांबद्दल बोलत नाही, त्या दळण आहेत आणि पीठही नाही. 'बाईपण भारी देवा'ला बाया गाड्या करून गेल्या, हसल्या, रडल्या, चांगलं झालं. सिनेमा म्हणून त्यात मंगळागौरीपलीकडे माझ्या हाती काही लागलं नाही.

मग 'साबर बोंडं' पाहिला. रोहन कानवडे यांचा हा पहिला मोठा सिनेमा, 2025च्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांमधलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आलेला. इथेही साचा तोच: बाप मरतो, मुंबईचा आनंद आईबरोबर गावी येतो, दहा दिवसांचं सुतक पाळतो. पहिल्या दहा मिनिटांत मी कपाळावर हात मारून घेतला. पण कानवडे त्या साच्यात राहून साचा आतून पोखरतात. ह्या मुलाला गावात घर आठवत नाही, माणूस आठवतो. बाळ्या नावाचा लहानपणीचा सोबती, शेळ्या राखणारा, लग्नाच्या तगाद्याला टोलवत राहिलेला. नातेवाईक आनंदच्याही लग्नाचा विषय सुतकातच काढतात. आपल्याकडे असंच होतं, मयताच्या बैठकीत स्थळं निघतात. आणि ती आई! मुलाचं सगळं जाणणारी, त्याचा एका शब्दाने गाजावाजा न करणारी, चार बायांत बसून त्याच्यासाठी सरळ चेहऱ्याने खोटं बोलणारी. सुतक 'वाडा चिरेबंदी'तही आहे. तिथे त्या दिवसांत वाटण्यांची भाषा होते, इथे निवडुंगाची काटेरी बोंडं कुणीतरी कुणासाठी सोलतं. मराठीत कुटुंबाची गोष्ट पुढे सरकली ती ह्या बोंडाएवढी, आणि तेवढं पुरेसं आहे. सिनेमागृहात माझ्यासकट नऊ माणसं होती, तो भाग वेगळा.

आता मी कुठून बोलतोय ते सांगतो, कारण माझा राग गावचा आहे. मुरुम. उमरगा तालुका, जिल्हा पूर्वी उस्मानाबाद, आता धाराशिव. कर्नाटकाची हद्द इतकी जवळ की आमच्या घरी आजीला आव्वा म्हणतात आणि आजी रागावली की कानडीत रागावते. आई मराठीत समजूत काढते. माझी मुलं दोघींनाही हिंदीत उत्तर देतात. एका स्वयंपाकघरात तीन पिढ्या तीन भाषांत बोलतात आणि तरी शेंगाची चटणी वेळेवर ताटात पडते. ह्या घराची कादंबरी कुणी लिहायला घेतली तर पहिला प्रश्न प्रकाशक विचारेल तो तळटिपांचा.

आव्वाचं जातं आमच्याकडे अजून आहे. एरवी न्हाणीच्या कडेला पडलेलं असतं, त्यावर पोरं पाय धुतात. पण लग्न निघालं की ते घासून आत येतं, खुंट्याला सुपारी-हळकुंड बांधतात, पाच सवाष्णी हळद दळतात. गेल्या वर्षी पुतणीचं लग्न झालं तेव्हा बायांनी हळकुंडं टाकली आणि मोबाइलवर गाणं लावलं. कोपऱ्यातून आत्याने ते बंद करायला लावलं. पंच्याहत्तरीची बाई, गुडघ्यांनी अधू. तिने खुंटा धरला आणि भावाची ओवी धरली. ओवीत भावाच्या नावाची एक जागा असते. तिथे तिच्या तोंडून माझ्या वडिलांचं नाव गेलं. ते जाऊन सहा वर्षं झालीत. जातं थांबलं. बाया गप्प. मग आत्याने एक मूठ हळकुंडं घातली, तीच ओवी पहिल्यापासून घेतली, आणि त्या जागी माझं नाव घातलं. दळण पुढे चालू.

पिढ्यांमधलं प्रेम आणि मरण ह्यावर मी चाळीस वर्षं वाचतोय. नावाच्या त्या एका जागेइतकी कारागिरी मला आठशे पानांत भेटलेली नाही.

ओवी म्हटलं की आपले समीक्षक 'लोकसाहित्य' असा शिक्का मारून ती मागच्या दाराने विद्यापीठात सोडतात. गी पॉईटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी आणि गावोगावच्या त्यांच्या साथीदार बायांनी हजारांवर गावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या कितीतरी 'पारी' ह्या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट वाचता येतात, काही तिच्या आवाजासकट ऐकताही येतात. एवढा मोठा कौटुंबिक ग्रंथ मराठीत दुसरा कोणता आहे? आणि कसं कुटुंब आहे ते! आई आहे, लेक आहे, सासू आहे, भाऊ तर इतका आहे की मोजदाद नको. नवरा बेताचाच. वाडा असलाच तर चुडा घालून जिथे जायचं ते परकं ठिकाण म्हणून. परतणाऱ्या मुलाला जे घर दिसतं ते असं नसतं. त्याला घर गमावल्याचं दुःख होतं, कारण ते त्याचं होतं. ओवीतल्या बाईचं कोणतंच घर तिचं नव्हतं, म्हणून ती भिंतींवर रडत नाही, माणसांवर रडते. आई मेली की माहेरची वाट बंद होते. त्या वेळी आपल्या कादंबरीचा नायक सातबारा बघत असतो.

कुणी म्हणेल, बाईने गद्यात लिहिलंच नाही का? लिहिलं की. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' परत उघडा. 1934पासून चार भागांत आलेलं पुस्तक. त्यात घर म्हणून जे काही आहे ते सतत हलत असतं, नाशिक काय, पंढरपूर काय, राहुरी काय. नवरा धर्म बदलतो, बाई वेगळी राहते, परत येते, आणि लक्ष्मीबाई ह्या सगळ्याला हसू शकतात. त्या हसण्याला मराठी कादंबरीत वारस मिळाला नाही. वारसा सगळा 'श्यामची आई'कडे गेला, तिथून रडं आलं.

आणि आमच्या शेजारचं पुस्तक. शरणकुमार लिंबाळे हन्नूरचे, तालुका अक्कलकोट, म्हणजे आमच्या हद्दीला लागून. 'अक्करमाशी' 1984 साली आलं. चाळीस वर्षं ते आपण दलित आत्मकथन म्हणून वाचतो, आणि ते आहेच. पण कौटुंबिक पुस्तक म्हणून ते कुणी वाचत नाही, ह्याला मी समीक्षेचा आंधळेपणा म्हणतो. संतामाय नावाची आजी आहे. तिच्यासोबत महमूद दस्तगीर जमादार नावाचा मुसलमान म्हातारा राहतो आणि परक्याच्या नातवंडांना पोटाशी धरतो. धर्म वेगळा, जात वेगळी, लग्न नाही, रक्त नाही, आणि एसटी स्टँडच्या आधाराने चाललेलं ते घर मराठीतल्या सगळ्या चौसोपी वाड्यांपेक्षा जास्त घर आहे. ज्या पुस्तकात शाळेत बापाचं नाव काय लावायचं ह्यावर जीव अडतो, तिथे आजोबा मात्र असा, कुठल्या कागदावर न बसणारा. आत्याच्या ओवीत नावाची जागा मोकळी होती, शाळेच्या रजिस्टरात ती बोकांडी बसते. ह्या दोन टोकांच्या मधे आमच्या भागातलं कुटुंब जगतं. कुलवृत्तांतात ते सापडणार नाही, कारण त्याला कुळच नाही.

पण खरा कज्जा पुढेच आहे. वाड्याची हळहळ आमच्या भागात कुणी करावी, आणि कुठल्या तोंडाने?

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली, आणि तेव्हाच्या आमच्याच तालुक्यातलं सास्तूर हादरलं. मुरुमात आमच्या भिंतींना तडे गेले, आम्ही वाचलो, दोन महिने अंगणात झोपलो. तिकडे सुमारे 10 हजार माणसं गेली. कशाने? भूकंपाने, हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर. ती मेली घराने. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकडावर चढवलेलं मातीचं माळवद, दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून आणखी एक थर, वडिलांनी एक, आजोबांनी एक. उन्हाळ्यात गार, अशी ज्याची तारीफ दिवाळी अंकात अजून छापून येते, तेच माळवद. पिढ्यापिढ्यांनी मायेने टाकलेली माती लेकरांवर पडली. जो जितका खाऊन-पिऊन सुखी, त्याचं माळवद तितकं जड. पालातली, छपरातली माणसं उठून बसली.

हे ज्याने पाहिलं त्याने 'जुन्या भिंतींची ऊब' असं वाक्य लिहून दाखवावं.

पुढचं तर कुणी हातात धरलंच नाही. 52 गावं नव्या जागी वसवली. घर किती मोठं, ते जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. गल्ल्या गेल्या, सरळ रस्ते आले, दारावर नंबर आले. ज्या दोन जावा एका भिंतीआडून भांडत होत्या त्यांची घरं दोन टोकांना गेली. भांडायला चालत जावं लागायचं. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलं शिकायला पुण्याला नेली. ती पोरं सुट्टीत परत यायची ती कुठल्या घरी? ज्या गावी यायची ते गाव त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. इथे परतणारा मुलगा आहे की, बघा! फक्त त्याला परतायला ओसरी नाही, झोपाळा नाही. म्हणून तो आपल्या कादंबरीत शिरू शकत नाही. साच्यात बसत नाही ना.

आणि त्या बाया. दोन-तीन मुलांवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून मोकळ्या झालेल्या, आणि एका पहाटेत ती सगळी मुलं गेलेल्या. त्यांच्यापैकी कितीतरी जणी परत दवाखान्यात गेल्या, ती शस्त्रक्रिया उलटवून घेतली, काहींची कूस पुन्हा उजवली. एक बाई पस्तिशीत, ढिगाऱ्यातून निघालेली, पुन्हा आई व्हायला टेबलावर झोपते. नवऱ्याचं-तिचं त्या काळात काय बोलणं होत असेल? येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात आंबिलीचं मडकं उतरताना तिने आधीच्या लेकरांची आठवण काढली असेल, की नव्याला दृष्ट लागेल म्हणून गिळली असेल? नव्या पोराला गेलेल्याचं नाव ठेवायचं की नाही, हे त्या घरात कुणी ठरवलं? ह्यापेक्षा मोठी कौटुंबिक कादंबरी मराठीला काय हवी आहे? आणि आपण झोपाळ्याच्या कड्या मोजतोय. साहित्य संमेलनं भरवतोय, 2020 साली तर आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीच भरवलं, मीही मांडवात तीन दिवस होतो. चहा चांगला होता.

त्या बायांना भूकंपानंतर झालेली लेकरं आज तिशीच्या आसपास आहेत. कुणी पुण्यात कंपनीत, कुणी हैदराबादेत, कुणी इथेच सोयाबीन काढतोय. त्यांतलं कुणी लिहीत असेल, मुलगी असेल तर आधी, तर वही माझ्याकडे पाठवा, टपालखर्च मी देईन. शुद्धलेखन बघणार नाही, कानडी शब्द तसेच ठेवा. अट एकच: पहिल्या पानावर बाप मरता कामा नये. तो 250 चौरस फुटांच्या दारात नळाला हंडा लावून बसलेला असू दे, आणि हंडा भरून वाहायला लागला म्हणून आई आतून त्याच्यावर ओरडत असू दे.